बाहेरचा वूड बॉयलर जास्त तापतोय? आधी ब्लोअरकडे बघा

विस्कॉन्सिन, मिनेसोटा किंवा न्यूयॉर्क स्टेटच्या खेड्याकडे घर घेतलं की कधीकधी मागच्या अंगणात छोट्या शेडसारखा दिसणारा, वर धुराडं असलेला लाकडाचा बॉयलर घरासोबत आयताच मिळतो. तत्त्व आपल्या बंबाचंच, मध्ये जाळ आणि भोवती पाणी, फक्त हे पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरात जातं, तिथे उष्णता देतं आणि परत येतं. सेटिंग बहुतेक 180-185 फॅरनहाइटच्या आसपास असते, म्हणजे 82 ते 85 सेल्सिअस.

आधी एक सांगतो, ब्लोअर, म्हणजे जाळाला हवा देणारा पंखा, 185 ला बंद झाल्यावर आकडा अजून पाच-दहा डिग्री चढला तर लगेच घाबरू नका, आत निखाऱ्यांचा ढीग असतो तो काय बटण दाबल्यासारखा विझत नाही. पण पाणी रोजच 200 च्या पुढे जातंय, वरच्या व्हेंटमधून वाफ येतेय, आत गुडगुड आवाज येतोय, तर मात्र काहीतरी बिघडलंय. (मी इथे वर उघडा व्हेंट असलेल्या बॉयलरबद्दलच बोलतोय. तुमचा बंद, प्रेशरवाला असेल तर स्वतः हात घालू नका, सरळ टेक्निशियन बोलवा.)

आत्ता या क्षणी उकळतोय? मग फायरबॉक्सचं, म्हणजे लाकूड जळतं त्या कप्प्याचं, दार उघडायचं नाही. सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो, पण दार उघडलं की जाळाला भरपूर हवा मिळते, आणि आत साठलेला न जळलेला गॅस एकदम भडकून तोंडावर येऊ शकतो. ब्लोअर बंद करा, पाणी फिरवणारा पंप मात्र चालूच ठेवा, आणि घरातले सगळे थर्मोस्टॅट वर करा म्हणजे उष्णता घरात ओढली जाईल, गरम झालं तर खिडक्या उघडा. जाळावर पाणी ओतू नका. बॉयलरमधलं पाणी खूप खाली गेलं असेल तर लगेच गार पाणीही भरू नका, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की वेल्डिंगला तडे जाऊ शकतात आणि वाफही जोरात उसळते, तेव्हा आधी निवू द्या. आणि वाफ येते म्हणून व्हेंटवर काही झाकण दाबून बसवायचं तर अजिबातच नाही, ती वाफ बाहेर पडतेय म्हणून तर बॉयलर फुटत नाहीये.

आता कारण शोधायचं. त्यासाठी पुढच्या वेळी आकडा चढलेला असताना फक्त एवढंच बघा की ब्लोअर चालू आहे का बंद.

चालू असेल तर कंट्रोलला पाणी गरम झालंय हे कळतच नाहीये. बऱ्याचदा सेन्सर त्याच्या नळीतून थोडा बाहेर सरकलेला असतो, किंवा पाण्याची पातळी खाली जाऊन तो कोरडा पडलेला असतो. खरं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर चालतं, पण चमकत्या तांब्यावर ते चुकीचं, कमी दाखवतं, त्यामुळे पाइपावर काळी इलेक्ट्रिकल टेप लावून तिच्यावर नेम धरा. सेन्सर बरोबर सांगतोय तरी ब्लोअर थांबत नाही? मग रिले, म्हणजे ब्लोअरची वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटलाय, बदलून टाका.

ब्लोअर बंद आहे आणि तरी तापतोय, तर जाळाला कुठून तरी चोरून हवा मिळतेय. जुन्या बॉयलरमध्ये मी तर पहिला संशय यावरच घेईन. ब्लोअरच्या तोंडावर एक झडप असते, तिच्यावर क्रिओसोटचा, म्हणजे लाकडाच्या धुरातून साठणारा डांबरासारखा थर बसतो आणि ती पूर्ण मिटत नाही. वीज बंद करून, बॉयलर गार असताना खरवडून काढा. मग दाराचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करायला दाराच्या कडेने बसवलेली दोरी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आली तर तिथून हवा जातेय, असं चारही बाजूंनी करा. राखेचं छोटं दार असेल तर तेही बघा, त्याच्या कडेला निखारा अडकला तरी फट राहते. धुराडं कुणी हौसेने उंच वाढवून ठेवलं असेल तर ओढ वाढते आणि एवढीशी फटही पुरते.

लोक इथे काय करतात तर सेटिंगच 185 वरून 160 वर आणतात. फट आहे तिथेच आहे, त्यामुळे बॉयलर तापायचा तो तापतोच, आणि एरवी पाणी कोमट राहिल्यामुळे आत क्रिओसोट अजून जास्त साठतं.

हवाही घेत नाही? मग उष्णता उचलली जात नाहीये. जाणारा आणि येणारा, दोन्ही पाइप मोजा. साधारण 20 डिग्रीचा फरक ठीक, 40 असेल तर पाणी हळू फिरतंय, म्हणजे गाळणी तुंबलीय, हवा अडकलीय नाहीतर पंप दमलाय. येणारा पाइप गारच असेल तर पंप बंद पडलाय किंवा कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवून ठेवलाय. आणि दोन्ही सारखेच गरम असतील तर घराला उष्णता नकोच आहे. ऑक्टोबरात आणि एप्रिलात हे हमखास होतं, बाहेर 55 फॅरनहाइट आणि फायरबॉक्स जानेवारीसारखा गच्च भरलेला. या दिवसांत बारा तासांत जळेल एवढंच लाकूड टाका, आणि सुकी बारीक पाइनची लाकडं एकदम ठासू नका, ती भसकन पेटतात.

वीज गेली की पंपही थांबतो हे विसरू नका, भरलेल्या बॉयलरसाठी पंपापुरता बॅटरी बॅकअप ठेवा.

उकळून गेलं असेल तर नंतर पाणी भरून पाण्यातल्या गंज रोखणाऱ्या केमिकलची टेस्ट स्ट्रिप लावून बघा, पातळ झालं असेल तर आतून गंज धरतो. जमिनीखालचा पाइप बहुतेक पेक्सचा, म्हणजे एका प्लास्टिकचा असतो, तो साधारण 200 फॅरनहाइटला 80 पीएसआय दाबापर्यंतच धरलेला असतो, त्यामुळे सांधे, पंपाचे सील एकदा हात फिरवून ओले नाहीत ना हे बघून घ्या.