धोका आणि जोखीम यांची गल्लत टाळायची सोपी युक्ती

कामाच्या ठिकाणी कशामुळे कोणाला इजा होऊ शकते हे नोंदवणारा जोखीम मूल्यांकनाचा तक्ता भरताना ‘धोका’ या रकान्यात कुणी ‘पाय घसरणे’ लिहितं, कुणी ‘हाड मोडणे’, आणि मग उपाय म्हणून सगळीकडे एकच ओळ येते: ‘काळजी घ्यावी’. तक्त्याला हात लावण्याआधी एक वाक्य पूर्ण करा:

‘____मुळे ____ला ____ होऊ शकतं.’

१. पहिली जागा म्हणजे धोका. इथे वस्तू, पदार्थ किंवा स्थिती येते, घटना नाही. ‘पंपाखाली साचलेलं तेल’ चालेल, ‘घसरणे’ नाही.
२. दुसरी जागा: कोणाला. सफाई कामगार आणि कंत्राटी माणसं इथे हमखास सुटतात.
३. तिसरी: इजा. ‘मनगटाचं हाड मोडणं’ इतकं नेमकं लिहा.

जोखीम या वाक्यात नसतेच, ती आकड्यात असते. इजा होण्याची शक्यता १ ते ५, इजेची तीव्रता १ ते ५ (५ म्हणजे सर्वात जास्त), दोन्हींचा गुणाकार. तेलाच्या उदाहरणात शक्यता ४, तीव्रता ३, म्हणून १२. पंपाचं गळकं सील बदललं की शक्यता १ वर येते, पण हाड मोडलं तर ते तेवढंच मोडणार. तीव्रता ३ च राहते. उरलेली जोखीम ३. (‘सावकाश चाला’ची पाटी लावून शक्यता ४ वरून १ वर आणणारे महाभागही असतात. तेल तिथेच असतं.)

एक सांभाळा: तीव्रता ५ आणि शक्यता १ असेल तर गुणाकार जेमतेम ५ येतो आणि जीवघेणा धोका यादीत तळाला जातो. तीव्रता ५ असलेल्या ओळी वेगळ्या काढून आधी पाहा.