रिक्षाच्या मीटरवरून अंतर: सूत्रातून हवं ते अक्षर एकटं काढताना

दहावीपर्यंत सूत्र पाठ असलं की निभावतं. आकडे घाला, उत्तर लिहा. अकरावी सायन्सला, डिप्लोमाला किंवा आयटीआयच्या वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासाला मात्र उत्तर हातात देतात आणि मधलाच आकडा विचारतात. पहिल्या चाचणीत मार्क जातात ते बहुतेक इथेच.

ठाणे-नवी मुंबईतल्या रिक्षाचं मीटर घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४.

भाडे = २६ + १७.१४ × (अंतर − १.५)

मीटर ६० दाखवतंय, तर अंतर किती? पेन उचलण्याआधी अंतरावर काय काय झालंय ते क्रमाने बघा: आधी १.५ वजा, मग १७.१४ ने गुणाकार, शेवटी २६ मिळवले. सोडवायचं उलट्या क्रमाने. पावसात दप्तरावर रेनकोट चढवलेला असतो. वर्गात पोचल्यावर आधी रेनकोट उतरतो, मगच दप्तराची चेन उघडते.

६० − २६ = ३४
३४ ÷ १७.१४ = १.९८
१.९८ + १.५ = ३.४८ किमी

नेहमीची चूक म्हणजे २६ आणि १७.१४ आधीच मिळवून ४३.१४ करणं. मग उत्तर २.८९ येतं. ते पटण्यासारखं दिसतं, म्हणूनच घात करतं. परत सूत्रात घालून बघा: भाडं पन्नासच्या आसपास येतं, ६० नाही. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, टाळू नका.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि नुकसानही तेच करतं. −५क्ष = २० मध्ये मुलं −५ पलीकडे नेतात, चिन्ह बदलतात आणि क्ष = ४ लिहितात. खरं तर काहीच पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंना −५ ने भागलं, म्हणून क्ष = −४. प्रत्येक ओळीशेजारी ‘दोन्ही बाजूंना ÷ (−५)’ असं लिहायची सवय महिनाभर तरी ठेवा.

सगळ्यात जास्त अडतं ते छेदातल्या अज्ञातावर. समांतर जोडणीत

१/क = १/ख + १/ग

क हा एकूण रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात), ख आणि ग हे जोडलेले दोन रोध. क = ४ ओहम, ग = ६ ओहम, तर ख किती? प्रत्येक पद वेगवेगळं उलटं केलं तर ४ = ख + ६, म्हणजे ख = −२. रोध ऋण कसा असेल? बेरजेतली पदं सुटी सुटी उलटी करता येत नाहीत. आधी त्या बाजूचा एकच अपूर्णांक करायचा. १/ख = १/४ − १/६ = १/१२, आता उलटा: ख = १२ ओहम.

हेच अक्षरांत करताना ख दोनदा येतो. सगळ्याला कखग ने गुणा: खग = कग + कख. ख असलेली पदं एका बाजूला आणा, ख सामाईक काढा:

ख (ग − क) = कग
ख = कग / (ग − क)

आकडे अगदी शेवटी घाला. मधली चूक शोधणं सोपं जातं.

वर्गमूळ काढताना ± लिहा. लांबी असेल तर ऋण उत्तर सोडा.

एककंही तपासा. ठाणे ते सीएसएमटी ३४ किमी, सरासरी वेग ताशी ४० किमी धरला तर वेळ = ३४ ÷ ४० = ०.८५ तास. हे ८५ मिनिटं नव्हेत. ६० ने गुणल्यावर ५१.