दमलेल्या बाईने आधी काय करावं

आमच्या वसईत बाईचं कौतुक कशावरून होतं, तर ‘ती कधी बसलेली दिसत नाही’ यावरून. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडा, डबे भरा, सासूच्या गोळ्या बघा, संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा म्हणजे उपासना, घरी रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, वर पॅरिशची, म्हणजे आपल्या चर्चची कामं. यात स्वतःकडे बघणं म्हणजे स्वार्थ, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात येशूने सांगितलंय की, स्वतःवर करतो तशी शेजाऱ्यावर प्रीती कर. मापटंच फुटकं असेल तर शेजाऱ्याच्या पदरात काय पडणार? म्हणून माझ्या सुनेला आणि बहिणींना जे सांगते, तेच इथे लिहिते.

सुरुवात जेवण-झोपेपासून करा, प्रार्थनेपासून नको. नाक मुरडणाऱ्यांनी बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९ काढावा. एलिया संदेष्टा थकून रानात झुडपाखाली पडला, आता मरण येऊ दे म्हणाला. देवदूताने त्याला ना उपदेश केला, ना स्तोत्र म्हणायला लावलं. ऊठ, खा, एवढंच म्हणाला. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलिया जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा जेवला. होरेब डोंगराची वाट त्याने त्यानंतर धरली.

तेव्हा उरलेली भाकरी ओट्याशी उभ्यानेच चहात बुडवून खाणं बंद. आपलं ताट सगळ्यांबरोबर वाढा आणि बसून जेवा. सुरमईचा मधला तुकडा पुरुषांना आणि शेपटी बाईला, हे कुठल्या शुभवर्तमानात लिहिलंय मला दाखवा! झोपेचंही तसंच. वादळात होडी पाण्याने भरत होती आणि येशू वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपला होता. आमच्या पाचूबंदरच्या कोळ्यांना विचारा, तशा होडीत झोप लागायला माणूस किती दमलेला असावा लागतो.

रविवारची विश्रांती घरातल्या बाईलाही आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विश्रांतीची आज्ञा आहे, तिच्यात दास-दासी येतात, बैल आणि गाढवही येतात. आपण मात्र मिस्सेहून आल्या आल्या पदर खोचतो. शनिवारी संध्याकाळीच वाटण करून ठेवा, रविवारी एकच कालवण आणि भात. भांडी मुलग्यांनी घासायची. पहिले दोन रविवार कुरकुर होईल, होऊ द्या.

नकार देणं सगळ्यात जड. वाक्य आधीच ठरवून ठेवा: ‘फादर, यंदा सणाची सजावट मला जमणार नाही.’ इथेच थांबा. गुडघेदुखी, नातवाची परीक्षा अशी कारणं जोडलीत की समोरचा त्यावर तोडगा काढतो आणि काम पुन्हा तुमच्याच गळ्यात. येशूलाही शिष्य म्हणाले होते, सगळे तुम्हाला शोधताहेत. तो पहाटे एकांतात प्रार्थना करत होता. तिथून मागे न फिरता दुसऱ्या गावांकडे निघाला.

रात्री अंथरुणावर पाच मिनिटं दिवस आठवा. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याने या आत्मपरीक्षणात आधी देवाचे आभार ठेवलेत, चुका नंतर. आपण चुकांपासूनच सुरू करतो आणि तिथेच झोप उडते. एक बारीकशी गोष्ट शोधा: वेळेवर मिळालेली लोकल, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठावरची वाऱ्याची झुळूक. पापनिवेदनात सांगून झालेलं पाप पुन्हा उकरू नका. देवाने मिटवलंय ना?

आणि एवढं करूनही दोनेक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, रडू आवरत नाही असं असेल, तर नोव्हेनावर, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेवर भागवू नका, डॉक्टरकडे जा. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला होता, नुसती प्रार्थना कर म्हणाला नव्हता. जीव द्यावासा वाटला तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा, एकटं राहू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन लावताना खोलीचं दार ओढून घ्या आणि गॅसवरचा भात दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.