सीटबेल्टचं तुटलेलं बटण

बाबांची 2003 ची गाडी. ड्रायव्हरच्या बेल्टची लोखंडी जीभ सारखी घसरून पार खाली जायची, मग सीट आणि दाराच्या फटीत हात घालून शोधा! तिला अडवणारं शर्टाच्या गुंडीएवढं प्लास्टिकचं बटण तुटलं होतं. नागपूरचा मे, 45 अंशांत बंद उभी गाडी. प्लास्टिक ठिसूळ होणारच.

सीताबर्डीच्या बाजारातून दोन भागांचं बटण आणलं. दुकानदार म्हणाला, "तापलेल्या सुईनं भोक पाडा." ते मी मुळीच केलं नाही, पट्ट्याचे धागे जळले तर बेल्ट कमजोर होतो. जुनं बारीक भोक सापडलं, त्यातूनच खिळी घातली, मागून दुसरा भाग ठेवून पक्कडीनं दाबला. टक्‌ असा आवाज आला. आता जीभ कोपराजवळच थांबते आणि आईही न विसरता बेल्ट लावते.