किशोरांची गुन्ह्याबद्दलची अभिवृत्ती मोजताना या चुका टाळा

गुन्ह्याबद्दलची अभिवृत्ती, म्हणजे मुलांचं त्याबद्दलचं मत आणि कल, मोजायला इंदूरच्या शाळांमध्ये प्रश्नावली घेऊन जाणारे मानसशास्त्राचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी बहुतेक एकाच जागी अडकतात. "कायदा मोडणं वाईट" असं मुलं ठामपणे लिहितात आणि संध्याकाळी तीच मुलं परवान्याशिवाय स्कूटीवरून क्लासला जातात. सहसंबंध, म्हणजे उत्तरं आणि वागणं किती जुळतात याचा आकडा, शून्याजवळ येतो. मग प्रबंधात वाक्य पडतं, अभिवृत्तीचा वर्तनाशी संबंध नाही.

हे वाक्य लिहिण्याआधी आपले प्रश्न पुन्हा वाचा. अभिवृत्ती विचारली कायद्याबद्दल आणि वर्तन मोजलं स्कूटीचं, तर दोन्ही जुळतील कशी? आयझेन आणि फिशबाइन या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेऊन हेच दाखवलं: कृती आणि तिचं लक्ष्य दोन्हीकडे सारखं असेल, तेव्हा संबंध ठळक दिसतो. म्हणून विचारा, "परवाना नसताना क्लासला गाडी नेणं किती चुकीचं वाटतं?" आणि त्यालाच जोडून, "गेल्या 3 महिन्यांत तू असं किती वेळा केलंस?" सर्वसाधारण अभिवृत्तीच मोजायची असेल, तर वर्तनही एकच घेऊ नका. दांडी, मारामारी, तोडफोड, चोरी अशा अनेक कृत्यांची बेरीज घ्या.

दुसरी अडचण: चोरीला सगळेच "फार चुकीचं" म्हणतात. उत्तरांत फरकच नसेल तर आकडेमोड काही सांगू शकत नाही. इथे साइक्स आणि मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांचा 1957 चा विचार मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो. मुलं नियम नाकारत नाहीत, ती स्वतःला सूट देतात. नुकसान कुणाचं झालं, सुरुवात त्यानेच केली, मित्राला एकटं कसं सोडणार, मोठे लोक तरी काय करतात! या सबबी प्रश्नांत आणा. आधी पाच-दहा मुलांशी गप्पा मारा, गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशीच्या धक्काबुक्कीबद्दल ती काय बोलतात ते ऐका आणि विधानं त्यांच्याच बोलीत लिहा. घरी मराठी बोलणारी इथली अनेक मुलं हिंदीतून सहज वाचतात. प्रश्नावली दोन्ही भाषांत ठेवा.

वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असतील, तर खरी उत्तरं मिळणार नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन चालकाच्या पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरं लिहिलं तर बाबा अडकतील, ही मुलाची भीती रास्त आहे. कागदावर नाव नको, बंद पेटी हवी, शिक्षक बाहेर हवेत. पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार आधी घ्या.

एकाच दिवशी दोन्ही मोजून "अशा अभिवृत्तीमुळे असं वर्तन" असं लिहू नका. आधी कृत्य घडतं आणि मग मन त्याला चालवून घेतं, असंही होतं. अमेरिकेत 1976 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल यूथ सर्व्हेत, म्हणजे किशोरांच्या गैरवर्तनाच्या पाहणीत, संशोधक 11 ते 17 वर्षांच्या त्याच मुलांना पुन्हापुन्हा भेटले, ते याचसाठी. तुम्हाला वर्षभर थांबणं जमत नसेल, तर सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी, असं दोनदा तरी मोजा. दोन्ही वेळच्या कागदांच्या जोड्या लावायला मुलांनी स्वतः ठरवलेलं सांकेतिक चिन्ह पुरतं. मित्र काय करतात हेही विचारा. ते गाळलं तर अभिवृत्तीचा वाटा फुगलेला दिसतो.

प्रश्नावलीत कुणाला किती गुण पडले याची यादी शाळेने मागितली तर देऊ नका. ही मापनं गटांची तुलना करायला आहेत, एखाद्या मुलावर शिक्का मारायला नाहीत.