एटीव्हीवरचा फवारणी पंप: कसा निवडावा, बिघडला तर कसा दुरुस्त करावा

इंदूरच्या आसपास, राऊ, महू, सांवेरकडे ज्यांची दोन-चार एकर शेती आहे, त्यांची फवारणीच्या वेळी अडचण होते. पाठीवरच्या पंपाने एवढं रान फवारताना खांदे भरून येतात, आणि ट्रॅक्टरचा लांब बूम (नोझलं बसवलेली आडवी दांडी) लहान तुकड्यात वळवायलाच जागा नसते. अशांसाठी एटीव्हीच्या, म्हणजे चारचाकी क्वाड बाइकच्या, मागच्या कॅरियरवर बसणारा १२ व्होल्टचा फवारणी पंप चांगला पर्याय आहे. एटीव्ही नसेल तर हाच संच छोट्या ट्रॅक्टरवर किंवा ट्रॉलीवरही बसतो. पंप आणि नोझलचं पुढचं सगळं तिथेही तसंच लागू होतं.

एक गोष्ट आधी पाहून घ्या. बहुतेक एटीव्हींची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होत नाही. तुमचे तुकडे डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना असतील तर गाडी घेण्याआधीच आरटीओत चौकशी करा.

निवड: टाकी शेवटी, नोझल आधी

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न टाकीचा येतो: किती लिटरची हवी? तिथून सुरुवात करू नका. पिकाला हेक्टरी किती पाणी द्यायचं ते आधी ठरवा. मग नोझल, मग पंप आणि सगळ्यात शेवटी टाकी.

खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था आपल्या सल्ल्यात पाठीवरच्या पंपासाठी हेक्टरी साधारण ४५० लिटर आणि पॉवर स्प्रेयरसाठी किमान १२५ लिटर पाणी सांगते. हिशेब हेक्टरातच करा. बिघ्याचं माप गावोगाव बदलतं आणि तिथेच औषधाचं प्रमाण चुकतं. एक एकर म्हणजे साधारण ०.४ हेक्टर.

नोझलच्या रंगाला अर्थ असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ३ बार दाबाला हिरवं (०१५) मिनिटाला ०.६ लिटर, पिवळं (०२) ०.८ लिटर आणि निळं (०३) १.२ लिटर पाणी सोडतं. तणनाशकासाठी पंख्यासारखी चपटी धार देणारं फ्लॅट फॅन नोझल घ्या, कीडनाशक-बुरशीनाशकासाठी पोकळ शंकूचं. ११० अंशांची फ्लॅट फॅन नोझलं ५० सेंमी अंतरावर लावली, तर बूम पिकाच्या शेंड्यापासून साधारण ५० सेंमी वर ठेवावा. त्याखाली गेला तर मधे पट्टे कोरडे राहतात, फार वर गेला तर फवारा वाऱ्यावर जातो.

आता पंप. ३ मीटरच्या बूमवर सहा पिवळी नोझलं म्हणजे मिनिटाला ४.८ लिटर. पंपावर लिहिलेला आकडा मोकळ्या धारेचा असतो, दाब आला की तो उतरतो. शिवाय थोडं पाणी परत टाकीत वळवून औषध ढवळत ठेवावं लागतं. म्हणून गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा, इथे मिनिटाला ७ ते १० लिटरचा, पंप घ्या. आतले वॉशर कशाचे आहेत हेही विचारा. तेलकट औषधं (ईसी) वापरणार असाल तर व्हिटॉन या द्रावक सोसणाऱ्या रबराचे हवेत. ईपीडीएम रबर त्यातल्या द्रावकाने फुगतं.

टाकीच्या बाबतीत मोह आवरा. ६० लिटर पाण्याचं वजनच ६० किलो. टाकी, पंप, बूम धरून ते ७५-८० किलोंवर जातं. कॅरियर किती पेलतो ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, त्यापुढे जाऊ नका. अर्धी भरलेली टाकी तर जास्त घातक, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी कलंडते. आत आडभिंती असलेली, बुटकी आणि रुंद टाकी बरी.

लहान तुकड्यांसाठी बूमपेक्षाही उपयोगी वस्तू म्हणजे १५-२० मीटर पाइप आणि हातातली गन. सोयाबीन १५-२० दिवसांचं असताना गाडी आत घालता येते. तेव्हासुद्धा चाकांसाठी पेरणीच्या वेळीच ओळी मोकळ्या सोडलेल्या बऱ्या. पीक दाटलं की बांधावर गाडी उभी करून पाइपनेच फवारावं. पावसाने भिजलेल्या आपल्या काळ्या मातीत भरल्या टाकीनिशी शिरणं तर टाळाच. चाक रुततं आणि माती दबून पुढच्या पिकालाही त्रास होतो.

माप बसवणं

हे काम साध्या पाण्यानेच करायचं. शेतात ५० मीटर मोजून दोन खुंट्या ठोका. टाकी अर्धी भरा आणि ज्या गिअरमध्ये फवारणार त्याच गिअरमध्ये जा. पहिल्या खुंटीच्या बऱ्याच आधीपासून निघा, म्हणजे तिथे पोचताना वेग स्थिर असेल. ५० मीटरला ३६ सेकंद लागले तर वेग ताशी ५ किलोमीटर. एटीव्हीच्या स्पीडोमीटरवर एवढ्या कमी वेगाला विसंबू नका. ऑटोमॅटिक गाड्यांत थ्रॉटल जरा हलला की वेग बदलतो, तेव्हा कमी वेगाची लो रेंज टाका.

मग गाडी उभी करून पंप चालू करा, दाब ३ बारवर आणा आणि प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट पाणी गोळा करा. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी देणारं नोझल झिजलेलं, ते बदला. कमी देणारं तुंबलेलं. ते काढून मऊ टूथब्रशने घासा. तार, टाचणी घालू नका, भोक बिघडतं. तोंडाने तर कधीच फुंकू नका.

हिशेब असा: एका नोझलचं मिनिटाचं पाणी गुणिले ६००, भागिले वेग, भागिले नोझलमधलं अंतर मीटरमध्ये. ०.८ × ६०० ÷ ५ ÷ ०.५ = १९२ लिटर प्रति हेक्टर. म्हणजे ६० लिटरची टाकी सुमारे ०.३१ हेक्टरला, पाऊण एकराला, पुरते. औषधाचं प्रमाण लेबलवर हेक्टरी एक लिटर असेल, तर या टाकीत ३१२ मिली जाईल.

इथे सगळ्यात मोठी चूक होते. ‘पंपाला इतकी झाकणं’ हे माप पाठीवरच्या १५-१६ लिटरच्या पंपाचं आहे. तेच चौपट करून या टाकीत ओतलं, तर औषध निम्म्याहूनही कमी पडतं, कारण इथे हेक्टरी पाणीच कमी जातं. तण मरत नाही आणि दोष औषधाला दिला जातो.

दुरुस्ती: पंप बदलण्याआधी

पंपाला हात लावण्याआधी हातमोजे घाला, टाकीत साधं पाणी ठेवा आणि गन उघडून पाइपातला दाब सोडा.

पंप चालतच नसेल तर आधी फ्यूज पाहा, मग बॅटरीची टोकं. औषधाचे शिंतोडे बसून जोडांवर हिरवट थर आलेला असतो, तो घासून काढा. वीज पोचते तरी पंप गप्प असेल तर प्रेशर स्विचच्या (दाब वाढला की पंप आपोआप बंद करणाऱ्या बटणाच्या) दोन्ही तारा क्षणभर एकमेकींना जोडा. पंप फिरला तर फक्त स्विच गेलाय, पंप ठीक आहे.

चालतो पण रेंगाळतो? पंप चालू असताना मल्टिमीटर थेट पंपाच्या टोकांना लावा. बॅटरीपाशी १२.५ आणि पंपापाशी ११ व्होल्ट दिसले तर मधली तार बारीक आहे. हेडलाइटच्या तारेतून जोडणी काढलेली असली की असं होतं. जाड तार थेट बॅटरीवरून घ्या. धन टोकाजवळच फ्यूज बसवा, पंपावर लिहिलेल्या अँपिअरचाच.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे पंप घरघरतो, पण पाणी ओढत नाही. आधी टाकीचं झाकण सैल करा. लगेच धार सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक तुंबलंय. मग पंपाआधीची गाळणीची जाळी काढा. भुकटीचं औषध नीट न कालवता ओतलं असेल तर तिथे करडा चिकट गाळ बसलेला दिसेल. तरी जमलं नाही तर टाकीकडचा पाइप सोडा, पंपाला वीतभर नवा पाइप लावा आणि तो बादलीत बुडवा. आता ओढतोय? मग दोष जुन्या पाइपात किंवा क्लिपमध्ये आहे, कुठून तरी हवा शिरतेय. अशा वेळी पाणी बाहेर गळत नाही, म्हणून चीर नजरेला येत नाही. आत धाग्यांची जाळी असलेला पारदर्शक पाइप बसवलात तर बुडबुडे दिसतील.

बादलीतूनही ओढत नसेल तर पंपाचं डोकं खोला. आत रबराचे छोटे पडदे असतात. त्यांखाली वाळूचा एखादा कण जरी अडकला तरी दाब तयार होत नाही. डायफ्रॅम, म्हणजे पाणी ढकलणारा मोठा रबरी पडदा, फाटला असेल तर सुट्या भागांचा संच (किट) बदला. इंदूरच्या सियागंज बाजारात जाताना जुना भाग आणि पंपाच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक, दोन्ही सोबत न्या.

पंप टक-टक करत सारखा चालू-बंद होत असेल तर तो बहुधा बिघाड नाही. नोझलं पाणी कमी घेताहेत. टाकीत परत जाणारा बायपास थोडा उघडा.

काम झाल्यावर

टाकी त्याच दिवशी तीनदा धुवा, दर वेळी थोडं पाणी बूममधून सोडा आणि ते त्याच शेतात जिरवा. विहिरीपाशी, नाल्यात नको. गव्हावर २,४-डी मारलेली टाकी नीट न धुता हरभऱ्याला किंवा भाजीला वापरली तर उरलेल्या अंशानेसुद्धा पानं वाकडी होतात. परवडत असेल तर तणनाशकाची टाकी आणि पाइप वेगळेच ठेवा. बोअरचं जड पाणी पंपात सुकलं की आत क्षार धरतो, म्हणून हंगाम संपल्यावर नोझलं आणि जाळी काढून ठेवा, पंप पूर्ण रिकामा होईपर्यंत चालवा आणि पाइप उन्हापासून दूर सावलीत टांगा.