क्लच सेन्सरचा लपंडाव: या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की आमच्या गॅरेजला एक तक्रार हमखास येते. सकाळी एका सेल्फात सुरू होणारी गाडी दुपारी उन्हात मुकी होते. अनेक गाड्यांत क्लच दाबल्याची खबर पेडलजवळच्या स्विचने किंवा सेन्सरने दिली तरच सेल्फ फिरतो, आणि लपंडाव तिथेच चालतो. मागच्या उन्हाळ्यात यावलकडचे एक केळीवाले काका अशीच गाडी घेऊन आले. बॅटरी नवी टाकलेली, सेल्फ उघडून कार्बन बदललेले, तरी दुपारचं नाटक सुरूच. मी गाडी रात्री ठेवून घेतली, सकाळी सातला वीसेक वेळा सेल्फ मारला. एकदाही अडली नाही. "काही नाही काका, घेऊन जा." दुपारी फोन आला, "भाऊ, सावद्याला उभी आहे."

थंड गाडी तपासणे

ही माझी चूक, आणि सगळ्यात महागडी. अधूनमधून येणारा फॉल्ट तो हजर असतानाच धरावा लागतो. गाडी दुपारी येत असेल तर दुपारीच तपासा, काचा बंद करून तासभर उन्हात ठेवून. ते जमत नसेल तर पेडलच्या वरच्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) हेअर ड्रायरने शेक द्या. पेंट काढायची हीट गन नको, प्लास्टिक वितळतं.

लगेच बॅटरीवर घसरणे

चावी फिरवल्यावर 'कट' आवाज येऊन दिवे मंद झाले तर बॅटरी, टर्मिनल, सेल्फ बघा. दिवे लख्ख आणि खालून आवाजच नाही, तर क्लच दाबल्याची खबर पुढे जात नसावी असा संशय घ्या. रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) आणि इमोबिलायझरही (चोरी रोखणारं चावीचं लॉक) त्याच रांगेत असतात, पण बटण-स्टार्ट गाडीत पेडल तळाला टेकवूनही डॅशबोर्ड 'क्लच दाबा' म्हणत असेल तर शंकेला जागा कमी. चालत्या गाडीत खुणा वेगळ्या: क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) आपोआप सुटतो, गियर बदलताना रेस चढून राहते, सिग्नलला इंजिन स्वतःहून बंद होण्याची सोय असेल तर ती चालेनाशी होते.

कोड आधी पुसणे

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की काहींचं बोट सरळ 'इरेज'वर जातं. आधी लिहून घ्या. पी०७०४ क्लच स्विचच्या सर्किटचा, पी०८०७ आणि पी०८०८ पोझिशन सेन्सरचा सिग्नल कमी-जास्त असल्याचा, पी०८०९ तो अधूनमधून तुटत असल्याचा. कोडात 'सर्किट' म्हटलेलं असतं; त्यात वायर, कपलर, अर्थिंग सगळं आलं. नुसता कोड वाचून सेन्सर मागवणाऱ्याच्या डिकीत जुने चांगले सेन्सर साठतात.

स्विच आणि सेन्सर एकाच मापाने मोजणे

काही गाड्यांत साधे चालू-बंद स्विच असतात, कधी दोन: पेडल वर आल्याचा एक, तळाला गेल्याचा एक. काहींत क्लचच्या मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा पंप) हॉल सेन्सर असतो, तो आतल्या मॅग्नेटवरून पेडलची जागा ओळखतो. स्विचची कंटिन्युइटी (करंट आरपार जातो का) मीटरने बघता येते. हॉल सेन्सरला ओहमवर मोजून काही कळत नाही. त्याचा सप्लाय (बहुतेकदा ५ व्होल्ट), अर्थिंग आणि बदलणारा सिग्नल बघा. स्कॅनरवर लाइव्ह डेटाचा ग्राफ लावून पेडल अगदी सावकाश, लोणी काढल्यासारखं दाबा. मध्येच रेघ खड्ड्यात पडली तर फॉल्ट तिथेच आहे. मग पेडल स्थिर धरून दुसऱ्याला हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवायला सांगा. वायर हलवताच रेघ नाचली तर सेन्सरला उगाच दोष देऊ नका. कपलर काढून पिना बघा: हिरवट गंज, ढिली पिन, किंवा मास्टर सिलिंडर पाझरून आत शिरलेलं ब्रेक ऑइल. आमच्याकडे शेतातल्या शेडमध्ये उभ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायरही सापडते.

'डायरेक्ट' मारून देणे

दोन वायरी जोडून मोकळं होणं हा सगळ्यात वाईट इलाज. काकांनीही विचारलं होतं, "डायरेक्ट करून दे ना, भाऊ." मी नाही म्हटलं. अंगणात गाडी गियरमध्ये उभी असताना एखाद्या पोराने चावी फिरवली तर ती सरळ पुढे उडी मारते. ते अडवायलाच हा स्विच आहे. शिवाय ज्या गाडीत क्रूझही त्याच स्विचवरून चालतो, तिथे इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) क्लच कायम दाबलेलाच दिसतो. तपासणीपुरतं जोडायचं तर फक्त साध्या स्विचवर, फ्यूज घातलेल्या वायरने, न्यूट्रल करून आणि हँडब्रेक ओढून. सेन्सरवर कधीच नाही.

खाली वाकून न बघणे

मॅटवर मॅट टाकलेली असेल तर पेडल पूर्ण तळाला जातच नाही. पहिली दोन मिनिटं तिथे द्या. काकांची जाड मॅट मी दुसऱ्या दिवशी उचलली आणि खाली शेंगदाण्याच्या टरफलासारखे निळसर प्लास्टिकचे तुकडे दिसले. पेडलवर एक छोटं बटण बसवलेलं असतं, ते स्विचच्या दांडीला दाबतं. ते उन्हाने ठिसूळ होऊन चिरलं होतं. सकाळी गाडी थंड असताना उरलेला अर्धा भाग दांडी दाबायचा. दुपारी प्लास्टिक मऊ पडलं की दांडी चिरेत घुसायची. स्विच, वायर, कोड, सगळं ठीक.

नवीन बटण लावलं, स्विचची जागा तपासली (नवा स्विच टाकल्यास काही गाड्यांत अ‍ॅडजस्ट करावा लागतो, काही सेन्सर स्कॅनरने शिकवावे लागतात) आणि भर दुपारी दोन वाजता सेल्फ मारला. काकांनी ते तुकडे मात्र फेकू दिले नाहीत. रुमालात बांधून घेतले, बॅटरी बदलणाऱ्याला दाखवायला.